महिन्याचं नाव पौर्णिमेच्या चंद्राशेजारी कसं वाचायचं

चैत्र, वैशाख, ज्येष्ठ... बारा नावं शाळेत घोकून झालेली असतात. ती कशावरून पडली असं विचारलं की ‘नक्षत्रांवरून’ म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. पण नक्षत्र कुणाचं, सूर्याचं की चंद्राचं? महिन्यातल्या कुठल्या रात्रीचं? दर वर्षी ते जुळतं का? धोंड्याच्या महिन्यात काय होतं? हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतं. भिंतीवरचं कॅलेंडर, दिव्यांपासून जरा लांबची जागा आणि अधूनमधून एखादी रात्र जागायची तयारी असली की झालं.

मी सांगोला तालुक्यातला शेतकरी. शेतीपंपाची लाईट आमच्याकडे काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी, फावडं आणि घोंगडी घेऊन रानात जायचं, मोटार चालू करायची आणि दारं धरायची. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं, तो भरेपर्यंत माणूस मोकळाच. मोबाईल बघून डोळे दुखायला लागतात, मग आपोआप वर बघणं होतं. माझं आकाश असं गव्हा-मक्याच्या बांधावर शिकून झालंय. शहरातल्या गच्चीवरून हे जरा अवघड जाईल, पण जमतं.

नियम एका ओळीचा आहे. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो तो चैत्र, विशाखेजवळ असतो तो वैशाख, आणि असंच पुढं. पाणिनीने अष्टाध्यायीत यासाठी सूत्रच दिलंय, ‘सास्मिन् पौर्णमासीति’. चित्रेची पौर्णिमा ती चैत्री आणि चैत्री ज्या महिन्यात येते तो चैत्र. नाव करताना नक्षत्राचा पहिला स्वर वाढवायचा: चित्राचं चैत्र, विशाखाचं वैशाख, श्रवणचं श्रावण, भद्रपदाचं भाद्रपद, अश्विनीचं आश्विन, कृत्तिकाचं कार्तिक, मृगशीर्षचं मार्गशीर्ष, पुष्यचं पौष, मघाचं माघ, फल्गुनीचं फाल्गुन. आषाढात स्वर आधीच लांब, म्हणून फरक कळत नाही. ज्येष्ठाचं नियमाने ज्यैष्ठ व्हायला हवं, पण बोलताना आपण ते ज्येष्ठच ठेवलंय. गावाकडे आखाड, भादवा, पूस अशी झिजलेली रूपं चालतात, नक्षत्र तेच. शिमगा तेवढा वेगळा. त्याने सणाचं नाव घेतलंय, फल्गुनीशी त्याचं काही नातं नाही.

याच्याही आधीची नावं यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत सापडतात. मधु आणि माधव वसंताचे, शुक्र आणि शुचि ग्रीष्माचे, नभस् आणि नभस्य पावसाळ्याचे, इष आणि ऊर्ज शरदाचे, सहस् आणि सहस्य हेमंताचे, तपस् आणि तपस्य शिशिराचे. छान नावं आहेत, पण ती ऋतूंची. रात्री रानात उभं राहून ‘आज नभस्य आहे का’ हे कुणाला सांगता येणार नाही. नक्षत्रावरच्या नावांचं तसं नाही.

बघायला बाहेर पडण्याआधी एक गोंधळ मिटवून घ्या, कारण आम्हा शेतकऱ्यांचा तो हमखास होतो. आम्हाला नक्षत्रं पाठ असतात, पण पावसाची. २५ मेच्या सुमारास रोहिणी निघते, ७-८ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, मग तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य. मग मृग जर जूनमध्ये लागतो, तर मार्गशीर्ष डिसेंबरात कसा? माझ्या पुतणीने हे विचारलं तेव्हा आमच्या घरात बराच वेळ कुणी काही बोलेना.

उत्तर सोपं आहे. पावसाचं नक्षत्र सूर्याचं असतं. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृगाच्या ताऱ्यांपाशी आला, आणि सूर्यच तिथं असल्यामुळे ते तारे त्या दिवसांत आपल्याला दिसतही नाहीत. महिन्याचं नक्षत्र असतं पौर्णिमेच्या चंद्राचं. पौर्णिमेला सूर्य पश्चिमेला बुडतो तेव्हाच चंद्र पूर्वेला वर येतो, म्हणजे दोघं समोरासमोर. जूनच्या सुरुवातीला सूर्य मृगात, म्हणून त्याच्या समोरचा चंद्र ज्येष्ठा-मूळाकडे, म्हणून महिना ज्येष्ठ. सहा महिन्यांनी उलटं होतं. चंद्र मृगाकडे येतो आणि महिन्याला मार्गशीर्ष म्हणतात. चित्रेचंही तसंच. सूर्य चित्रेत येतो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्याच्या बरोबर सहा महिन्यांनी एप्रिलमध्ये चैत्री पौर्णिमा. हे एकदा डोक्यात बसलं की पावसाच्या नक्षत्रावरून महिना आणि महिन्यावरून पावसाचं नक्षत्र, दोन्ही काढता येतात.

आता रात्र कुठली धरायची ते बघू. कॅलेंडरवर ‘पौर्णिमा’ ज्या चौकटीत छापलीय तीच रात्र, असं धरू नका. तिथी सूर्योदयाची धरतात आणि आपल्याला हवी आहे रात्र. २०२६ सालची हनुमान जयंती घ्या. ती होती २ एप्रिलला. पण पौर्णिमा लागली १ तारखेच्या सकाळी सातच्या सुमारास आणि संपली २ तारखेच्या सकाळी पावणेआठच्या आत. म्हणजे पुऱ्या चंद्राची रात्र १ एप्रिलची होती. मारुतीचा जन्म सूर्योदयाचा, म्हणून उत्सव २ तारखेला. देवळातला गुलाल २ तारखेचा आणि बघायची रात्र १ तारखेची, दोन्ही बरोबर. तर तिथी कधी लागते आणि कधी संपते ते कॅलेंडरवर बघा आणि जी रात्र त्या दोन वेळांच्या मध्ये येते ती धरा. चंद्र एका दिवसात जवळजवळ एक नक्षत्र पुढे सरकतो, त्यामुळे रात्र चुकली की नक्षत्रही चुकतं. त्याच चौकटीत बारीक अक्षरात त्या दिवसाचं नक्षत्रही असतं. ते आधी बघू नका. आकाशात बघून या आणि मग ताळा घ्या. आधी वाचलं की माणसाला तेच दिसायला लागतं.

दुसरी अडचण चंद्राचीच. पौर्णिमेचा उजेड इतका असतो की त्याच्या शेजारचे तारे पुसून जातात. यावर दोन उपाय. पहिला, चंद्र झाकायचा. माझ्या रानात विहिरीजवळ लिंबाचं झाड आहे. त्याच्या खोडाआड चंद्र घेतला की शेजारचे ठळक तारे लगेच उघडे पडतात. गच्चीवर पाण्याच्या टाकीची कड किंवा जिन्याच्या खोलीचा कोपरा चालतो. हाताने झाकलं तर बोटांच्या फटीतून उजेड येतो आणि हातही दुखतो, म्हणून भक्कम काहीतरी बघा. दुसरा उपाय जास्त खात्रीचा, विशेषतः अंधूक नक्षत्रांसाठी. पौर्णिमेला चंद्र आसपासच्या कुठल्या ठळक ताऱ्यापासून किती मुठी आणि कुठल्या बाजूला आहे एवढं मनात ठेवा. पुढे चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य चतुर्थी-पंचमीला संध्याकाळी अंधार मिळतो. तेव्हा त्याच ठळक ताऱ्यापासून तेवढंच अंतर मोजा आणि पौर्णिमेचा चंद्र जिथं होता तिथं कोणते तारे आहेत ते निवांत बघा.

माप हाताचंच. हात पूर्ण पुढे ताणून मूठ धरली की मुठीची रुंदी साधारण १० अंश. एक बोट दीड-दोन अंशांचं. आकाशाच्या ३६० अंशांचे २७ भाग केले की एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं, म्हणजे एक मूठ आणि वर दोन बोटं. यापुढे मी अंतर मुठींत सांगणार.

सुरुवात चैत्रापासूनच करा, आणि ती वर्षाची सुरुवात आहे म्हणून नव्हे. चित्रा सापडायला सोपी, एकटीच ठळक आणि चंद्राच्या वाटेवरच आहे. एप्रिलमध्ये रात्री नऊ-दहाला उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. माझ्या आजोळी त्यांना बाज म्हणायचे, चार खुरांची बाज आणि ती ओढून नेणारे तीन चोर. त्या तीन ताऱ्यांचा जो बाक आहे तो तसाच पुढे पूर्वेकडे न्या. पहिला ठळक तांबूस तारा येतो ती स्वाती. तोच बाक आणखी तेवढाच पुढे नेला की आग्नेयेला एक निळसर पांढरा तारा, ती चित्रा. एकदा ओळखली की परत विसरत नाही.

१२ एप्रिल २०२५ची हनुमान जयंती मला लख्ख आठवते. उसाला पाणी होतं. संध्याकाळी चित्रा चंद्राच्या जरा पुढे, अर्ध्या मुठीवर. चंद्र रात्रभर तिच्याकडे सरकत राहिला आणि पहाटे चारला चंद्र पश्चिमेकडे कलला तेव्हा चित्रा त्याच्या वरच्या अंगाला बोट-दोन बोटांवर आली होती. चैत्राचं नाव इतकं उघड लिहिलेलं क्वचितच दिसतं. पुढच्या वर्षी, १ एप्रिल २०२६च्या रात्री, त्याच वेळी बघितलं तर चंद्र चित्रेच्या जवळजवळ दीड मूठ अलीकडे, हस्तातच राहिलेला. नाव चैत्र आणि चंद्र हस्तात! या फरकाकडे थोड्या वेळाने येतो, सगळी गंमत त्यातच आहे.

ज्येष्ठ ओळखायला चित्रेइतकाच सोपा. मे-जूनमध्ये आग्नेयेला वृश्चिक आडवा पसरलेला असतो, वाकडी शेपटी आणि नांगी स्पष्ट दिसते, आणि त्याच्या छातीत एक लालसर तारा. तीच ज्येष्ठा. मृग लागायच्या आधी आभाळ स्वच्छ मिळालं तर सोडू नका. माघाची मघासुद्धा चांगली. सिंह राशीत विळ्यासारखे वळलेले तारे दिसतात, त्या विळ्याच्या मुठीला असलेला ठळक तारा म्हणजे मघा. चंद्राची वाट तिच्या अगदी अंगावरून जाते, त्यामुळे उजेडातही ती तग धरते.

कृत्तिका तर सगळ्यांनाच माहीत असतात, तो लहानसा पुंजका. कुणाला सहा दिसतात, तरण्या डोळ्यांना सात. मात्र चंद्र जवळ आला की त्या पार पुसल्या जातात, म्हणून कार्तिकात चंद्र झाकायची युक्ती लागतेच, नाहीतर साधी द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांची दुर्बीण. या पुंजक्यावरून एक मोठं गणित आपल्या माणसाने केलंय. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलंय की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. आज कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत नाहीत, चांगल्या उत्तरेकडे सरकून उगवतात. मग त्या नेमक्या पूर्वेला कधी उगवत होत्या? कोकणातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी याचा हिशेब मांडून तो काळ इसवी सनापूर्वी ३०००च्या आसपास काढला. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १८९६चा आणि मराठीत लिहिलेला. एका वाक्यावरून आणि एका दिशेवरून एवढं निघतं, हे मला आजही भारी वाटतं.

मार्गशीर्षात घोळ होतो. मृग म्हटलं की लोक ते चार खुरांचं मोठं चित्र आणि पोटातला तीन ताऱ्यांचा बाण बघतात. महिन्याचं नाव मात्र मृगशीर्षावरून, म्हणजे हरणाच्या डोक्यावरून, वरच्या दोन ठळक ताऱ्यांच्या मध्ये असलेल्या तीन बारीक ताऱ्यांवरून. आणि चंद्र त्या डोक्याच्याही बराच उत्तरेकडून जातो, मूठ-दीड मूठ वरून. म्हणून चंद्र मृगाला चिकटलेला दिसेल अशी वाट बघू नका, तो त्याच्या वर आहे का एवढंच बघा. याच महिन्याला जुनं नाव आग्रहायण, वर्षाच्या आरंभाचा महिना. ‘मासानां मार्गशीर्षोऽहम्’ असं गीतेत आहे ते याच महिन्याबद्दल. टिळकांनी १८९३ साली याच मृगावरून वेदांच्या काळाचा वाद मांडला होता.

बाकीचे भराभर. पुष्य अंधूक, कर्क राशीत. पौर्णिमेला दिसायचं नाव नाही, चार-पाच दिवसांनीच बघा. विशाखाही तशीच फिकट, चित्रा आणि ज्येष्ठा यांच्या मधल्या जागेत. फल्गुनी दोन, पूर्वा आणि उत्तरा, सिंहाच्या मागच्या भागात आणि शेपटीला. अश्विनी मेषेचे दोन तारे. आषाढाही दोन, धनू राशीत. भाद्रपदाही दोन, आणि त्यांचे मिळून चार तारे एक मोठा चौकोन करतात. हा चौकोन ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री नऊला जवळजवळ डोक्यावर असतो. आषाढ, श्रावण, भाद्रपद या तीन पौर्णिमा आपल्याकडे बहुधा ढगात जातात. आमचा भाग अवर्षणाचा, तरी तेवढ्याच रात्री नेमकं आभाळ भरून येतं आणि पाऊस पडत नाही तो नाहीच. या नक्षत्रांचे तारे दिवाळीच्या आधीच्या संध्याकाळी बघून ठेवा. श्रवण तर पश्चिमेकडे ठसठशीत दिसतो, मधे ठळक तारा आणि दोन्ही बाजूंना एकेक लहान, एका रेषेत. पण श्रवण चंद्राच्या वाटेपासून तीन मुठी उत्तरेला आहे. नारळी पौर्णिमेला ढग फाटले आणि चंद्राजवळ श्रवण दिसला नाही तर गोंधळू नका, मान वर उत्तरेकडे करा.

आता तो फरक. बारा पौर्णिमांचं वर्ष होतं ३५४ दिवसांचं आणि सूर्याचं वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं. म्हणजे तीच पौर्णिमा पुढच्या वर्षी ११ दिवस आधी येते. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, तो ११ अंश मागे असतानाच पौर्णिमा होते, म्हणून त्याच्या समोरचा चंद्रही ११ अंश, एक मूठ आणि वर अर्धं बोट, अलीकडे राहतो. चैत्रात मी २०२५ आणि २०२६ साली बघितला तो फरक हाच. दर वर्षी असं होत राहिलं तर चैत्राची पौर्णिमा चित्रा सोडून हस्तात, मग फल्गुनीत जाईल आणि नाव खोटं पडेल. ते पडू नये म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात, १९ वर्षांत सात. तोच अधिक मास, आपला धोंड्याचा महिना. अनारसे जावयाला, आणि दुरुस्ती चंद्राच्या हिशेबाची.

म्हणून चंद्र नावाच्या किती अलीकडे किंवा पलीकडे आहे यावरून अधिक मास किती जवळ आहे ते कळतं. अलीकडे राहायला लागला की अधिक मास आला म्हणून समजा. २०२६चा ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. त्याच्या आधीच्या पौर्णिमा बघा. ५ नोव्हेंबर २०२५ची त्रिपुरी पौर्णिमा, चंद्र कृत्तिकांत हवा होता, होता भरणीत. १ फेब्रुवारी २०२६ची माघी, मघात हवा होता, होता पुष्य-आश्लेषेत. १ मेची वैशाखी, विशाखेत हवा होता, होता स्वातीत. एकूण एक मागे. अधिक मासानंतर उडी पडते आणि तो पलीकडे जातो.

ज्येष्ठात तर नमुनाच बघायला मिळतो. ३० आणि ३१ मे २०२६ या रात्री अधिक ज्येष्ठाच्या पौर्णिमेचा चंद्र लाल ज्येष्ठेच्या आजूबाजूलाच, पहिल्या रात्री मुठीच्या आत अलीकडे आणि दुसऱ्या रात्री दोन बोटं पलीकडे. खऱ्या म्हणजे निज ज्येष्ठाची वटपौर्णिमा २९ जूनला, तेव्हा चंद्र ज्येष्ठेला दोन मुठींहून जास्त मागे टाकून मूळात. नावाचा तारा अधिक महिन्याला मिळतो आणि वडाची पूजा निज महिन्याला! मग कुठला महिना अधिक हे ठरतं कशावरून? ते चंद्राशेजारच्या ताऱ्यावरून ठरवत नाहीत, सूर्याच्या संक्रांतीवरून ठरवतात. दोन अमावस्यांच्या मधे सूर्याने राशी बदलली नाही तर तो महिना अधिक. २०२६ला १५ जूनच्या सकाळी अमावस्या संपली आणि दुपारी सूर्य मिथुनेत गेला, चार-पाच तासांनी हुकला. हे गणित पाडव्याला देवळात पंचांग वाचणाऱ्याला विचारा, तो खूश होतो.

सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात म्हणूनच एका महिन्याला एकच नक्षत्र दिलेलं नाही. नऊ महिन्यांना दोन-दोन आणि फाल्गुन, भाद्रपद, आश्विन यांना तीन-तीन. चैत्राला चित्रा आणि स्वाती, कार्तिकाला कृत्तिका आणि रोहिणी, मार्गशीर्षाला मृग आणि आर्द्रा. नऊ दुणे अठरा आणि तीन त्रिक नऊ, सत्तावीस पुरे. तुम्हाला चंद्र नावाच्या शेजारच्या नक्षत्रात दिसला तर बिघडलं काही नाही.

काही प्रश्न लोक विचारतात, तेही उरकून टाकतो. उत्तरेकडच्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस का लागतो? त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. पौर्णिमा दोघांची एकच, म्हणून शुद्ध पक्षाचं नाव दोघांकडे सारखं. फरक फक्त वद्य पक्षात. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, त्यांची भाद्रपदातली, दिवस तोच. काही मराठी घरांत टिळक पंचांग पाळतात, त्यांचा आकाश मोजायचा आरंभबिंदू वेगळा, म्हणून कधीमधी त्यांचा अधिक मास वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर आधी बसतात. आणि आकाशवाणीवर ऐकू येतो तो भारतीय सौर चैत्र, म्हणजे सरकारी कॅलेंडरचा, तो २२ मार्चला, लीप वर्षी २१ला सुरू होतो. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ साली तो आला. त्यात नाव चंद्राचं आणि चाल सूर्याची, त्यामुळे तो आकाशात तपासायच्या भानगडीत पडू नका.

आता कॅलेंडरवर खुणा करायच्या रात्री. कोजागरी, २५ ऑक्टोबर २०२६. दूध आटवायला गच्चीवर सगळे असतातच. चंद्र अश्विनीत, त्याच्या पूर्वेला आणि जरा उत्तरेला मुठीभर अंतरावर मेषेचे ते दोन तारे. अधिक मासाने आश्विन पुन्हा नावावर आणून ठेवलाय. त्रिपुरी पौर्णिमा, २४ नोव्हेंबर २०२६. संध्याकाळी चंद्र उगवतो तोच कृत्तिकांना खेटून, दीपमाळ लावून झाली की द्विनेत्री घेऊन लगेच बाहेर या, कारण रात्र वाढेल तसा चंद्र पुढे सरकत जाईल. आणि माघी पौर्णिमा, २० फेब्रुवारी २०२७. मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास चंद्र मघेच्या दोन बोटांच्या आत येतो. त्याच पहाटे छायाकल्प चंद्रग्रहणही आहे. नुसत्या डोळ्यांना त्यात फारसं काही कळत नाही, त्याच्यासाठी वेगळं जागू नका.